खासदार आपल्याच सरकारविरोधात मत देऊ शकतो का? समजून घ्या व्हिपचं गणित

१७ एप्रिल १९९९. लोकसभेत अटलबिहारी वाजपेयी सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान झालं. बाजूने २६९, विरोधात २७०. एका मताने सरकार पडलं.

सरकार संसदेच्या जिवावर चालतं, हे सांगताना हेच उदाहरण दिलं जातं. पण रोजच्या कामकाजात चित्र उलटं दिसतं. पक्कं बहुमत असलेल्या सरकारचं विधेयक लोकसभेत सहसा अडत नाही. असं का?

संविधान काय सांगतं?

कलम ७५(३) नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. लोकसभेचा विश्वास गेला की सरकार गेलं. किमान ५० खासदारांचा पाठिंबा असेल, तर अविश्वास प्रस्ताव चर्चेला घेतला जातो. पहिला प्रस्ताव १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरोधात आणला होता. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला.

मग गाडी अडते कुठे?

'आयाराम-गयाराम' थांबवण्यासाठी १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती झाली. हाच पक्षांतरबंदी कायदा. कसं मतदान करायचं याचा पक्षाने काढलेला आदेश म्हणजे व्हिप. तो मोडला किंवा मतदान टाळलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. हा नियम फक्त सरकार वाचवण्याच्या मतदानापुरता नाही, साध्या विधेयकालाही लागू होतो.

म्हणजे ज्या खासदारांनी सरकारवर लक्ष ठेवायचं, त्यातले सत्ताधारी बाकांवरचे सगळे व्हिपने बांधलेले.

इतर देशांत काय होतं?

ब्रिटनमध्येही व्हिप असतो, पण तो मोडला म्हणून खासदारकी जात नाही. जानेवारी २०१९ मध्ये थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार २०२ विरुद्ध ४३२ मतांनी पडला. विरोधात मत देणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे ११८ खासदार होते. दुसऱ्याच दिवशी मे यांनी अविश्वास प्रस्ताव मात्र ३२५ विरुद्ध ३०६ असा परतवला. करार नाकारला, सरकार टिकलं.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

आमदारांनाही हाच कायदा लागू आहे. २०२२ च्या शिवसेना फुटीनंतर व्हिप कुणाचा, यावरूनच वाद पेटला. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्हिप राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही.

यावर उपाय आहे का?

१९९० मध्येच दिनेश गोस्वामी समितीने सुचवलं होतं: अपात्रतेची टांगती तलवार विश्वास-अविश्वासासारख्या मतदानापुरतीच ठेवा. तसा बदल अजून झालेला नाही.

आणखी एक गोष्ट. बरीच विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. त्यात कोणी काय मत दिलं, याची नोंदच राहत नाही. त्यामुळे तुमच्या खासदाराने एखाद्या कायद्याला पाठिंबा दिला की विरोध केला, हे अनेकदा तुम्हाला शोधूनही सापडणार नाही.