परम ८००० आणि प्रात्यक्षिकाचा धडा
अमेरिकेने प्रगत क्रे महासंगणक नाकारल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यात अनेक ट्रान्सप्युटर जोडलेले होते. प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र आणि संवाद संदेशांतून. एका बलाढ्य यंत्राची उणीव सहकार्याने भरून काढण्यात आली.

अध्यापनाच्या दृष्टीने हा इतिहास मोलाचा आहे. धामनोदसारख्या गावातील महाविद्यालयातही दोन जुने संगणक केबलने जोडून हे तत्त्व शिकवता येते. दोन्ही संगणक एकमेकांच्या संदेशाची वाट पाहत अडकले, की 'कोंडी' ही संकल्पना विद्यार्थ्यांना व्याख्येपेक्षा लवकर उमगते. ती सोडवण्यासाठी संदेशांचा क्रम त्यांनाच ठरवावा लागतो. साधनांच्या अभावी हा विषय केवळ परीक्षेपुरता ठेवणे उचित नव्हे.