नांव बाहेरचें, माप आंतलें

सायकलचा टायर झिजला म्हणजे आपण दुकानांत जाऊन जुन्या टायरवरचा मोठा आंकडा सांगतों. तोच आंकडा असलेला टायर घरीं आणावा आणि तो रिमवर चढूंच नये, किंवा चढून सैल बसावा, असा अनुभव पुष्कळांना येतो. हा दोष बहुधा दुकानदाराचाही नसतो आणि आपलाही नसतो; तो त्या आंकड्याच्या इतिहासांत आहे.

१८७० नंतरच्या उंच सायकलींच्या चाकांना भरीव रबर असे आणि पेडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेलें असे. पेडलाच्या एका फेऱ्यांत सायकल किती पुढें जाणार, हें चाकाच्या बाहेरच्या व्यासावरून ठरे. त्या काळीं बाहेरचें माप हेंच खऱ्या उपयोगाचें माप होतें.

१८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकीस हवेचा टायर बसविला. १८९० सालीं चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनीं टायरच्या दोन्ही कांठांत पक्की तार घालून तो मध्यें खोलगट असलेल्या रिममध्यें बसविण्याची युक्ति काढली. आतां टायर बसतो कीं नाहीं, हें त्या तारेच्या वर्तुळावर, म्हणजे आंतल्या व्यासावर, अवलंबून राहिलें. नांव मात्र बाहेरच्याच व्यासाचें चालू राहिलें.

फ्रान्समध्यें ७०० मिलिमीटर हा बाहेरचा व्यास कायम धरून रिमचे ए, बी, सी असे प्रकार केले. टायर जितका जाड, तितकी रिम लहान. 'सी' रिम ६२२ मिलिमीटरची. तिच्या दोन्ही बाजूंस ३९ मिलिमीटर जाडीचा टायर आला कीं बेरीज ७०० भरे. पुढें त्याच रिमवर शर्यतीचे अरुंद टायर चढूं लागले. बाहेरचा व्यास ६७० च्या आसपास उतरला, पण नांव ७०० तें ७०० च राहिलें!

इंचांचा घोटाळा याहून बिकट. गणितांत १¾ आणि १·७५ एकच. पण २६ × १¾ या टायरची रिम ५७१ मिलिमीटरची, तर २६ × १·७५ ची ५५९ मिलिमीटरची. या बारा मिलिमीटरांकडे दुर्लक्ष झालें आणि उतारावर टायर रिमवरून निसटला, तर नुकसान केवळ पैशाचें होत नाहीं.

१९६४ सालीं स्थापन झालेल्या टायर व रिम यांच्या युरोपीय तांत्रिक संघटनेच्या पद्धतींत यावर सरळ उपाय आहे: आधीं टायरची रुंदी, मग तो रिमवर जेथें टेकतो तेथील व्यास. हीच पद्धत आंतरराष्ट्रीय मानकानें स्वीकारली आहे. आपल्या ओळखीच्या उंच काळ्या सायकलीचा २८ × १½ हा टायर तीप्रमाणें ४०-६३५ होतो. नव्या टायरच्या बाजूवर ही संख्या बारीक अक्षरांत छापलेली असते. पुढच्या खेपेस दुकानांत जातांना मोठ्या आंकड्यावर विसंबूं नये. ही बारीक संख्या टिपून न्यावी.