कराची ते ढाका : नकाशावरील अंतर व आकाशांतील अंतर

दोन विमानतळांमधील अंतर कायमचें ठरलेलें असतें, असा सर्वसाधारण समज आहे. भूगोलाच्या दृष्टीनें तो खरा. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र तो सर्वस्वीं खरा नाहीं. कराची व ढाका या दोन शहरांची हकीकत याची साक्ष देते.

१९४७ सालीं पाकिस्तान निर्माण झालें, तेव्हां त्याचे दोन भाग भारताच्या दोन बाजूंस पडले. राजधानी कराची पश्चिमेस, तर निम्म्याहून अधिक प्रजा पूर्व बंगालमध्यें. या दोन विमानतळांत सरळ रेषेनें सुमारें १,४६० मैलांचें अंतर, आणि त्यांतील बहुतेक मार्ग भारताच्या भूमीवरून जाणारा. आरंभीं ओरिएंट एअरवेजचीं डाकोटा विमानें दिल्ली व कलकत्ता येथें उतरत ढाक्यास पोहोंचत. ७ जून १९५४ रोजीं सुपर कॉन्स्टेलेशन विमानांची अखंड सेवा सुरू झाली, आणि ताशीं तीनशें मैलांच्या वेगानें हा प्रवास पांच तासांच्या आसपास आला. पुढें जेट विमानें आलीं, तेव्हां त्यास तीन तास पुरूं लागले. यंत्रविद्येनें देशाचे दोन तुकडे जणूं शेजारीं आणून ठेवले.

परंतु हें सान्निध्य परक्याच्या संमतीवर उभें होतें. आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राची पूर्ण सत्ता असते, हें तत्त्व १९४४ च्या शिकागो करारानें मान्य केलेलें आहे. ३० जानेवारी १९७१ रोजीं ‘गंगा’ नांवाचें भारतीय प्रवासी विमान श्रीनगरहून जम्मूस जात असतां दोघां तरुणांनीं तें बळानें लाहोरास नेलें. २ फेब्रुवारीस तें तेथें जाळण्यांत आलें. ४ फेब्रुवारीस भारतानें पाकिस्तानी विमानांस आपलें आकाश बंद केलें.

त्या दिवसापासून कराचीच्या विमानास अरबी समुद्रावरून दक्षिणेस जाऊन, सिंहलद्वीपांत कोलंबोस इंधन घेऊन, बंगालच्या उपसागरावरून उत्तरेस वळावें लागे. हा मार्ग सुमारें २,९०० मैलांचा, म्हणजे पूर्वीच्या दुप्पट. जेट विमानासही केवळ उड्डाणास पांच तासांहून अधिक वेळ लागे; कोलंबोचा मुक्काम निराळाच.

या वळणाचें महत्त्व लौकरच कळून आलें. मार्च महिन्यांत पश्चिमेकडील सैनिक याच लांबच्या वाटेनें प्रवासी विमानांतून ढाक्यास आणले गेले, आणि २५ मार्चच्या रात्रीं तेथें लष्करी कारवाई सुरू झाली. डिसेंबरांत युद्ध पेटलें. भारतीय विमानांच्या बाँबवर्षावानें ढाक्याच्या तेजगांव विमानतळाची धांवपट्टी निकामी झाली, आणि तीही वाट बंद पडली. १६ डिसेंबरास ढाक्यांत पाकिस्तानी सैन्यानें शरणागती पत्करली.

पूर्व बंगाल दुरावला तो केवळ विमानमार्ग लांबल्यामुळें नव्हे. भाषा, सत्ता व संपत्ती यांविषयींचें दुःख तेथें फार जुनें होतें. तथापि तीन तासांच्या प्रवासावर विसंबून राहिलेल्यांस, ते तीन तास आपल्या मालकीचे नाहींत, याचा विसर पडला होता, हेंही तितकेंच खरें.