ओरिजिनल

जुनी जीप बाळगणाऱ्या माणसाला लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "ॲव्हरेज किती देते?" आणि दुसरा, "ओरिजिनल आहे का?" पहिल्याचं उत्तर एका आकड्यात देता येतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायचं तर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं मागे जावं लागतं. समोरच्याला सहसा तेवढा वेळ नसतो, म्हणून इथे लिहितो आहे.

माझ्याकडे १९९२ सालची महिंद्र एमएम ५४० आहे. वडिलांनी घेतलेली. तिची बरीचशी कामं मी घरीच करतो. त्यात माझी हुशारी फारशी नाही. ही गाडी मुळात उघडण्यासाठीच बनवलेली आहे.

कसं ते बघा. १९४० साली अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. पहिला नमुना केला बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने. मग विलिस आणि फोर्ड यांनी आपापले नमुने केले. अखेर विलिसच्या गाडीवर शिक्कामोर्तब झालं, पण विलिसला एकट्याने पुरवठा झेपेना, म्हणून फोर्डलाही त्याच आराखड्यावर गाड्या बनवायला सांगितलं. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपगाड्या बनवल्या. अट अशी की एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. रणांगणावर मोडलेल्या दोन गाड्यांतून एक चालती करता यावी, हा हिशोब. फोर्डने मात्र आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, 'एफ' अक्षर उठवलं. आज त्या काळची जीप दुरुस्त करणारे लोक भिंग घेऊन हे 'एफ' शोधतात, आणि विलिसमध्ये फोर्डचे बोल्ट सापडले की हळहळतात. खरं तर तशी सरमिसळ व्हावी म्हणूनच ती गाडी बनवली होती!

आणखी एक गंमत. त्या जीपचे पुढचे दिवे बिजागरीवर बसवलेले होते. बॉनेट उघडून दिवा उलटा फिरवला की उजेड थेट इंजिनवर. अंधारात, रस्त्याकडेला, चालकच गाडी दुरुस्त करणार हे आराखडा करणाऱ्याने गृहीत धरलं होतं. आजच्या किती गाड्या आपल्या मालकाबद्दल इतका विश्वास बाळगतात?

दर्शनी सौंदर्याचंही तेच. जीपच्या तोंडावरच्या ज्या उभ्या फटींवर लोक जीव टाकतात, त्या शोभेसाठी आल्याच नव्हत्या. सुरुवातीच्या विलिसला लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. फोर्डने एकच पत्रा दाबून नऊ फटींची जाळी काढली, कारण ती हलकी आणि स्वस्त होती. पुढे विलिसनेही तीच उचलली. १९४५ मध्ये नागरी जीप आली, तिचे दिवे मोठे झाले आणि फटी सात उरल्या.

आता मुंबईत येऊ. २ ऑक्टोबर १९४५ रोजी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. १९४९ मध्ये माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू झाली. गाडी सुट्या भागांच्या रूपात बोटीने यायची आणि इथे जोडली जायची. म्हणजे आपल्याकडे जीप आली तीच मुळी खोक्यांतून. जे जोडता येतं ते सोडवताही येतं, हे इथल्या कारागिरांच्या तेव्हाच लक्षात आलं असणार.

पुढचा धडा टंचाईने दिला. परवान्यांच्या काळात नवी गाडी सहज मिळत नसे, त्यामुळे जुनी टाकवत नसे. लष्कराने लिलावात काढलेल्या जीपगाड्या शेतकऱ्यांकडे, ठेकेदारांकडे आल्या. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल जीप पोसणं म्हणजे हत्ती पोसणं झालं. मग गावोगावच्या गॅरेजांतून पेट्रोल इंजिनं उतरली आणि डिझेल इंजिनं चढली. माउंटिंग कापायचं, वेल्डिंग करायचं, रेडिएटर पुढे सरकवायचा, की झालं काम. कंपनीनेही तोच रस्ता धरला. ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंटरनॅशनलचं इंजिन जीपमध्ये बसवलं, आणि १९७९ मध्ये प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. माझ्या गाडीत तेच २११२ सीसीचं इंजिन आहे. अमेरिकन सांगाडा, फ्रेंच काळीज, मराठी मिस्त्री!

नटवणंही याच काळात फोफावलं. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांनी वडापच्या जीपमधून प्रवास केलाय त्यांना सांगायला नको. मागे समोरासमोर बाकं, वर उंच केलेला टप, काचेवर आईवडिलांचा आशीर्वाद, रेडियमची नक्षी, रेग्झिनच्या सीटा. शहरी माणूस याला भडक म्हणतो. पण ती गाडी घर चालवत होती, आणि घर चालवणाऱ्याला माणसं सणासुदीला नटवतातच.

माझी कामं साधी आहेत. ग्रीसगन घेऊन गाडीखाली झोपायचं आणि पाट्यांचे शॅकल, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांना ग्रीस मारायचं. डिझेल फिल्टर बदलला की पाइपलाइनमध्ये एअर धरते, ती हातपंप दाबून काढायची. बुडबुडे थांबून नुसतं डिझेल येऊ लागलं की नट आवळायचा. पुढच्या दिव्यांना रिले बसवला, कारण जुन्या स्विचमधून सगळा करंट जाऊन उजेड मंद पडत होता. ताडपत्रीचा टप नवा शिवून घेतला.

रंगाचं काम मात्र लांबलं. डाव्या मडगार्डवर पॉलिश पेपर फिरवला तर वरच्या पांढऱ्याखाली तांबडा निघाला, त्याखाली लांबीचा जाड थर, आणि सगळ्यात खाली कंपनीचा फिकट रंग. तांबडा वडिलांनी दिलेला. लांबी एका मिस्त्रींनी भरलेली. ठोकून सरळ केलेल्या पत्र्याच्या खुणा तिच्याखाली बोटाला लागतात. मी पेपर खाली ठेवला. यातला कुठला थर ओरिजिनल म्हणायचा?

हा प्रश्न नुसता भावनेचा नाही, कायद्याचाही आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने गाड्यांच्या पुढच्या बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. ते योग्यच, कारण पादचाऱ्याला त्याने जास्त इजा होते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळी ठरेल अशी गाडी बदलता येणार नाही. २०२१ मध्ये पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आले. त्यातही अट हीच, की चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको.

सुरक्षिततेची बाजू मला मान्य आहे. पण याचा एक परिणाम बघा. गोदामात उभी राहिलेली जीप व्हिंटेज ठरेल. आणि जिने १९७४ मध्ये इंजिन बदलून पुढची चाळीस वर्षं शेतमाल वाहिला, ती ठरणार नाही. जिचा इतिहास जास्त, तीच इतिहासाच्या व्याख्येबाहेर.

माझ्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. पुढची पाळी २०२७ ची. वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी २०२५ मध्ये त्याचं शुल्क दहा हजार रुपये झालं. पैशाचं सोडा, पण फिटनेसला गाडी नापास झाली तर वडिलांची म्हणावी अशी ही एकच चालती वस्तू भंगारात जाईल. म्हणून ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर यांत मी तडजोड करत नाही. तिथे जुनेपणाचं कौतुक नको. रंग मात्र तांबडाच देणार आहे, आणि आरसी बुकात तशी रीतसर नोंद करून घेणार आहे. मिस्त्रींची लांबी जिथे घट्ट आहे तिथे तशीच राहील.

गाडीच्या डिकीत एक वही ठेवली आहे. कुठला बोल्ट कधी बदलला, कुठल्या दुकानातला कुठला भाग बसला, कुठला बसला नाही, सगळं त्यात लिहितो. पुढे ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला ती वही लागेल. त्याने रंग बदलला तरी चालेल. फक्त खाली झोपून ग्रीस मारायला लाजू नये.