तलवारीवाचून शौर्य

ज्या नगरात महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा उभा आहे, त्या करवीरच्या श्रोत्यांना स्त्रीच्या शौर्याची ओळख नव्याने करून द्यावयास नको. परंतु जिच्या हाती तलवार नाही, पाठीशी फौज नाही आणि दरबारात जागाही नाही, अशा स्त्रीच्या शौर्याची गणना आपण कोठे करतो? या प्रश्नासाठी आज आपण बायबलकडे वळू. त्यातील मरियेचे नाव सर्वांस ठाऊक आहे. आपण पाहणार आहोत त्या स्त्रिया मात्र वाचकांच्या नजरेतून सहसा निसटतात.

‘निर्गम’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात शिप्रा व पुवा या दोन सुइणी भेटतात. इब्री स्त्रीला मुलगा झाला तर तो जन्मताच मारावा, असा मिसरच्या राजाचा त्यांना हुकूम होता. त्यांनी तो पाळला नाही. राजाने जाब विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, या बायका धट्ट्याकट्ट्या. आम्ही पोचण्यापूर्वीच त्या बाळंत होतात! सत्तेपुढे दुबळ्यांना अनेकदा असेच चातुर्य वापरावे लागते. गंमत अशी की, ग्रंथकाराने या सुइणींची नावे जपून ठेवली. त्या फारोचे नाव मात्र लिहिले नाही.

दुसरी रिस्पा, शौल राजाची उपपत्नी. दावीदाच्या राज्यात तीन वर्षे दुष्काळ पडला. शौलाच्या जुन्या अपराधाचे हे फळ मानून त्याच्या वंशातील सात पुरुषांना गिबोनी लोकांच्या स्वाधीन करण्यात आले व त्यांना फाशी दिले गेले. त्यांत रिस्पेचे दोन मुलगे होते. जवाच्या सुगीपासून पाऊस पडेपर्यंत ती माउली खडकावर गोणपाट पसरून बसली. दिवसा पाखरांना आणि रात्री श्वापदांना तिने त्या प्रेतांस शिवू दिले नाही. त्या संबंध कथेत तिच्या तोंडी एक शब्दही नाही. तरी ती वार्ता राजापर्यंत गेली, आणि त्याने अस्थी गोळा करवून शौल व योनाथान यांच्या अस्थींचे दफन करविले.

सलाफहादच्या पाच मुलींनी मात्र तोंड उघडले. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा ही त्यांची नावे. मोशे, याजक, सरदार व सारी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहून त्यांनी विचारले, की बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचे नाव कुळातून का पुसावे? आम्हांला वतन द्या. त्यांचे म्हणणे न्याय्य ठरले. हा हक्क पुत्र नसतानाच मिळणारा होता, आणि पुढे त्यावर आपल्याच वंशात लग्न करण्याची अटही आली. तरीही मागणी प्रथम मोठ्याने बोलावी लागते, हे त्या शिकवून गेल्या.

असेच बोलणे आपल्या महाराष्ट्रानेही ऐकले आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात, असे त्यांनी निक्षून सांगितले. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस होते. याच रमाबाईंनी पुढे हिब्रू व ग्रीक शिकून, केडगावच्या मुक्ती सदनात, संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी अनेक वर्षे वेचली. १९२२ साली त्यांचे निधन झाले. ज्यांना समाजाने टाकले, अशा स्त्रियांच्या आश्रमात या सुइणींची आणि मुलींची कथा मराठी झाली, हा योगायोग मोठा बोलका आहे.

आता स्वतःकडे पाहू. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वारसा दिला; २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाबरोबरीचा वाटा मिळाला. पण हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेताना आपण काय म्हणतो? ‘भावाशी वाईटपणा कशाला? माहेर तुटेल!’ या एका वाक्यापुढे कायदा मुका होतो. सही करण्यापूर्वी जी बहीण शांतपणे ‘थांबा’ म्हणेल, तिला तिरसेच्या पंक्तीत बसवावयाचे की घरभेदी ठरवावयाचे, हे आपल्या हाती आहे. ताराराणीला मुजरा करणाऱ्या नगराने निदान तिला दोष तरी देऊ नये.