पोलादाचा पीळ

मोटारीची मागची बाजू जमिनीपासून किती उंच असावी, हें ठरविणें कारखानदाराचें काम, मालकाचें नव्हे, असा सर्वसाधारण समज आहे. जर्मनींत जन्मलेल्या एका लहानशा गाडीनें हा समज पार खोटा ठरविला. ही गाडी म्हणजे फोक्सवॅगन. जगाच्या तोंडीं मात्र तिचें 'बीटल', म्हणजे भुंगेरा, हेंच नांव बसलें.

१८०४ सालीं लंडनच्या ओबॅदाया इलियट यानें घोडागाडीसाठीं पोलादी पाट्यांच्या लंबवर्तुळाकार कमानीचें पेटंट घेतलें. पुढें मोटार आली तेव्हां पाट्यांची कमानच तिच्याखालीं गेली. ती बसली, की लोहाराकडून पाटे पुन्हां वांकवून घ्यावयाचे, यापलीकडे मालकाच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें.

१९३१ सालीं फर्डिनंड पोर्शे यांच्या स्टुटगार्ट येथील कचेरीनें निराळीच योजना पुढें मांडली. पोलादाचा सरळ दांडा एका टोंकाशीं घट्ट धरून दुसऱ्या टोंकाशीं पिळला, तर तो उलट फिरूं पाहतो. हीच त्याची स्प्रिंग. भुंगेऱ्याच्या मागच्या बैठकीखालीं एक आडवी नळी असते. तींत असे दोन दांडे असून त्यांचीं आंतलीं टोंकें मधोमध पक्कीं बसविलेलीं आणि बाहेरचीं टोंकें एकेका पोलादी पट्टींत अडकविलेलीं असतात. पट्टीचें दुसरें टोंक चाकाच्या आंसाला जोडलेलें. सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं अशी म्हण आहे खरी, पण वर्षानुवर्षें ओझें वाहून पोलादाचाहि पीळ थोडा सैल पडतो आणि गाडी मागून खालीं बसते.

यावरील उपाय दांड्याच्या घडणींतच आहे. आंतल्या टोंकावर ४० दांते व बाहेरच्या टोंकावर ४४. आंत एक दांता सरकविला तर कोन ९ अंशांनीं बदलतो आणि मागची बाजू दोन इंचांहून अधिक वर किंवा खालीं जाते. इतका मोठा फरक क्वचितच हवा असतो. परंतु आंत एक दांता एका दिशेनें आणि बाहेर एक दांता उलट दिशेनें सरकविला, तर उरणारा फरक सुमारें ५० कलांचा, म्हणजे एका अंशाहूनहि कमी. पिएर व्हर्निए यानें १६३१ मध्यें सूक्ष्म मापनासाठीं वर्णिलेल्या दुहेरी पट्टीचेंच हें तत्त्व. दोन ओबडधोबड मापांच्या वजाबाकींतून बारीक माप निघावें, ही युक्ति सुंदरच म्हटली पाहिजे.

या कामाला कारखाना लागत नाहीं. गाडी भक्कम टेकूंवर उचलावयाची, पट्टी आंसापासून सोडवावयाची आणि कोनमापक व पाणसळ घेऊन तिचा कोन मोजावयाचा. मात्र पट्टी आधीच पिळून आपल्या खोबणींत टेकलेली असते. तिच्याखालीं जॅक न लावतां ती कोणी उचकटली, तर ती जोरानें खालीं झेपावते आणि हाताचें हाड मोडूं शकते. शिवाय डावा व उजवा दांडा सारखे दिसले तरी एकमेकांच्या जागीं चालत नाहींत; त्यांचें पोलाद कारखान्यांतच एकेका दिशेनें पिळून ठेविलेलें असतें.

याहून मोठा धोका आंसाचा. जुन्या भुंगेऱ्याचे मागचे आंस फक्त गिअरच्या पेटीजवळ हलतात. गाडी मागून उंच केली, कीं चाकांचे पाय आंत वळतात. वेगानें वळण घेतांना बाहेरचें चाक आणखी आंत दुमडून गाडी उलटण्याची भीति. खालीं बसविली तर वळणावर ती अधिक स्थिर, पण टायर आंतल्या कडेनें झिजतात. अमेरिकेंतील तरुणांनीं दोन्हीं प्रकार केले: वाळवंटांत धांवण्यासाठीं कोणी गाडी उंच केली, कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर मिरविण्यासाठीं कोणी खालीं बसविली. १९६९ मध्यें जॉन म्यूर यानें अगदीं अडाण्यालाहि कळेल असें ह्या गाडीच्या दुरुस्तीचें पुस्तक लिहिलें आणि घरोघरीं मालक स्वतःच गाडीखालीं शिरूं लागले. सांध्यांचे नवे आंस त्याच सुमारास अमेरिकेंतील गाड्यांना मिळाले व दुमडण्याची ती भीति बरीच ओसरली.

२००३ च्या जुलैंत मेक्सिकोंतील पुएब्ला येथें शेवटचा भुंगेरा बाहेर पडला. अनुक्रम २,१५,२९,४६४ वा. त्याच्याहि मागच्या नळींत पिळाचे दोन दांडे होतेच.