बाटलीतले बॅक्टेरिया: समुद्री फिशटँकच्या पाण्यात नेमकं काय बदलतं?

‘टँक भरा, बाटली ओता आणि आजच मासे सोडा.’ अशी रील्स तुम्ही नक्की पाहिली असतील. नीमोमुळे प्रसिद्ध झालेला क्लाउनफिश घरी आणायचा म्हटलं की दुकानदारही ही बाटली हातात ठेवतो. बाटली खोटी नसते, पण तिचं काम आपल्याला वाटतं त्यापेक्षा वेगळं असतं. ते समजून घेतलं नाही, तर माशाचा जीव जाऊ शकतो.

आधी प्रश्न काय आहे ते पाहू

माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत पाण्यात सुटतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. अमोनिया दोन रूपांत असतो: बराचसा अमोनियम म्हणून, जो तुलनेनं कमी घातक असतो, आणि थोडा मुक्त अमोनिया म्हणून, जो खरा विषारी. या दोघांचं प्रमाण ठरवतो पीएच. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये पीएच ७ च्या आसपास असू शकतो, तर समुद्री टँकमध्ये तो ८.१ ते ८.३ ठेवावा लागतो. पीएच ७ वरून ८.२ वर गेला की मुक्त अमोनियाचा वाटा दहा पटींहून जास्त वाढतो. त्यामुळे टेस्टमध्ये तोच आकडा दिसला, तरी समुद्री माशाला धोका कितीतरी जास्त.

हा अमोनिया हटवायचं काम बॅक्टेरिया करतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. यालाच नायट्रोजन सायकल म्हणतात. नव्या टँकमध्ये हे बॅक्टेरिया आपोआप वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. बाटली हाच काळ कमी करायचा प्रयत्न करते.

पूर्वी शौकीन समुद्रातला ‘लाइव्ह रॉक’ टाकायचे, त्याच्यासोबत बॅक्टेरियाही यायचे. भारतात मात्र दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. त्यामुळे समुद्रातून प्रवाळ उचलून आणणं गुन्हा ठरतो. मग कोरडा किंवा कृत्रिम दगड वापरायचा, आणि त्यावर सुरुवातीला उपयोगी बॅक्टेरिया जवळपास नसतातच.

बाटल्या दोन प्रकारच्या असतात

पहिल्या प्रकारात नायट्रीफाय करणारे बॅक्टेरिया असतात. लेबलवर नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पायरा अशी नावं दिसतात. सायकल सुरू करायला हेच हवेत. पण ते हळू वाढतात: दुप्पट व्हायला अनेक तास, कधी दिवसभरही. ते बीजाणू बनवत नाहीत, म्हणून उष्णतेनं मरू शकतात. मे महिन्यात चार दिवस कुरिअरच्या गाडीत तापलेली बाटली कितपत जिवंत असेल, याचा विचार करा. बाटली ‘समुद्री पाण्यासाठी’ आहे ना, हेही बघा. गोड्या पाण्यातल्या जाती खाऱ्या पाण्यात नीट काम करत नाहीत.

दुसऱ्या प्रकारात बॅसिलससारखे बॅक्टेरिया असतात. ते बीजाणूंच्या रूपात बराच काळ टिकतात आणि झटपट वाढतात. त्यांचं खाद्य म्हणजे गाळ, उरलेलं खाणं. पण नायट्रोजनयुक्त घाण कुजवताना ते अमोनिया पाण्यात सोडतात. म्हणजे नव्या टँकमध्ये चुकून ही बाटली ओतली, तर अमोनिया कमी होण्याऐवजी वाढू शकतो. शिवाय ते भराभर वाढले की पाणी दुधाळ होतं आणि ऑक्सिजन घटतो.

पाण्यातले आकडे कसे हलतात?

*अमोनिया आणि नायट्राइट:* आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढतो आणि नंतर तोही उतरतो. समुद्राच्या पाण्यात भरपूर क्लोराइड असल्यामुळे नायट्राइट कल्ल्यांतून शरीरात कमी शिरतो. म्हणून गोड्या पाण्याइतका तो इथे घातक नाही. पण तो जास्त असेल तर अनेक टेस्ट किट नायट्रेटचा आकडा फुगवून दाखवतात.

*नायट्रेट:* हा वाढतच जातो. पहिल्या प्रकारची बाटली घाण नाहीशी करत नाही, तिचं रूप बदलते. नायट्रेट कमी करायला पाणी बदलणं हा सरळ मार्ग. दुसऱ्या प्रकारचे बॅक्टेरिया वाढताना थोडं नायट्रेट आणि फॉस्फेट शरीरात घेतात, पण प्रोटीन स्किमरनं ते बाहेर काढले तरच फायदा. टँकमध्येच मेले तर सगळं परत पाण्यात.

*अल्कलिनिटी आणि ऑक्सिजन:* याकडे फार कमी जण बघतात. अमोनियातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट होताना सुमारे ४.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो आणि सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कलिनिटी कमी होते. समजा २ पीपीएम अमोनिया-नायट्रोजन संपला, तर अल्कलिनिटी जवळपास ०.८ डीकेएचनं घटते. समुद्रात ती साधारण ७ डीकेएच असते, म्हणजे हा फरक छोटा नाही. अल्कलिनिटी घसरली की पीएच ढासळतो आणि बॅक्टेरियाही मंदावतात.

मग वापरायची कशी?

१. मासे न सोडता २ पीपीएमपर्यंत अमोनिया घाला, मग बाटली चांगली हलवून ओता.
२. लेबलवर लिहिलं असेल तितका वेळ यूव्ही लाइट आणि स्किमर बंद ठेवा. पंप मात्र चालू हवा, ऑक्सिजन त्यातूनच मिळतो.
३. रोज टेस्ट करा आणि आकडे फोनच्या नोट्समध्ये लिहा. रंग मात्र दिवसाच्या उजेडात डोळ्यांनी जुळवा. फोनचा कॅमेरा रंग स्वतःच बदलतो, फोटोवरून अंदाज चुकतो.
४. घातलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसला, की सायकल तयार. मग पाणी बदलून एक-दोनच मासे सोडा.

चार दिवसांत अमोनिया जरासुद्धा हलला नाही, तर बाटली मेलेली असण्याची शक्यता जास्त. तेव्हा आणखी थांबा, मासा आणू नका.

थोडक्यात, बाटली म्हणजे विरजण. चांगलं असेल तर दही लवकर लागतं, पण विरजण घातल्या क्षणी दही होत नाही. मासा कधी आणायचा हे लेबल नाही, टेस्ट किट सांगेल.